अंगावर काढलेलं दुखणं मोजायचं कसं?

पौर्णिमेला नांदेडच्या आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर बीपी-शुगरची तपासणी ठेवली होती. येईल त्याला मी एक साधा प्रश्न विचारत होते, "महिन्याभरात आजारी पडलात का?" बहुतेकांचं उत्तर एकच. "नाही बाई, काही झालं नाही." कामावर खाडा? "खाडा करून भागतंय का?" माझ्या वहीत सगळी वस्ती ठणठणीत.

मग चहा आला आणि मांडी घालून बसलेली मंडळी उठायला लागली. कुणी गुडघ्यावर हात टेकले, कुणी भिंत धरली, एका काकूंना दोघींनी बगलेत धरून उभं केलं. "आई गं" हा शब्द दोन मिनिटांत इतक्या वेळा ऐकला की मी वही बंद केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी 'आजारी' हा शब्दच टाकून दिला. "कुठं दुखतंय?" एवढंच विचारलं. तेव्हा कुठं कंबर, गुडघे, मनगटं, खांदे, माना बाहेर यायला लागल्या. झाडू मारणाऱ्या काकूंचा उजवा खांदा चार महिन्यांपासून वर जात नव्हता. त्या चार महिन्यांत त्यांचा एकही खाडा नव्हता.

आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे : दुखणं अंगावर काढणं. इंग्रजीत अलीकडे याला 'प्रेझेंटीझम' म्हणतात. म्हणजे आजारी असूनही कामावर हजर राहणं, आणि त्यामुळं काम मंदावणं, बिघडणं किंवा शरीर आणखी झिजणं. कामावर न येणं मोजायला हजेरीचं पुस्तक आहे. दुखत असताना येणं मोजायला काय आहे? साहेबाच्या रजिस्टरात 'हजर' म्हणजे हजर. त्या 'ह'च्या मागं पहाटे चारला घेतलेली गोळी आहे की नाही, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

हे मोजायची गरज काय, असं एका तरुण कार्यकर्त्यानं मला विचारलं. "ताई, दुखतंय हे सगळ्यांनाच माहीत आहे." माहीत आहे, खरं आहे. पण माहीत असलेली गोष्ट ठेकेदारापुढं, मंडळापुढं, डॉक्टरापुढं ठेवता येत नाही. आकडा ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे १७१ कोटी लोकांना हाडं, सांधे, स्नायूंचा काही ना काही त्रास आहे. २०२० साली नुसत्या कंबरदुखीचे सुमारे ६१.९ कोटी लोक होते, आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या त्रासांत कंबरदुखी जगात सर्वांत पुढं आहे. एवढे मोठे आकडे, पण आपल्या गल्लीचा आकडा कुणाकडंच नाही.

परदेशात हे मोजण्याची साधनं तयार झाली आहेत. त्यातली तीन मी नीट वाचली. पहिली नॉर्डिक प्रश्नावली, स्वीडन-फिनलंडच्या बाजूच्या देशांतली, १९८७ साली छापून आली. तिच्यात माणसाचं पाठमोरं चित्र असतं आणि शरीराचे नऊ भाग पाडलेले असतात : मान, खांदे, कोपर, मनगट-हात, वरची पाठ, कंबर, कुल्हे-मांड्या, गुडघे, घोटे-पाऊल. प्रत्येक भागाबद्दल विचारतात : बारा महिन्यांत दुखलं का, सात दिवसांत दुखलं का, दुखण्यामुळं नेहमीचं काम अडलं का. निरक्षर माणसालाही चित्रावर बोट ठेवता येतं, म्हणून मला ही फार आवडली.

दुसरी प्रश्नावली सहाच प्रश्नांची आहे, तिला डब्ल्यूपीएआय म्हणतात. कामावर आहात का, गेल्या सात दिवसांत आजारामुळं किती तास बुडाले, दुसऱ्या कारणानं किती बुडाले, प्रत्यक्ष किती तास काम केलं. आणि मग खरा प्रश्न : काम करत असताना आजारानं कामावर किती परिणाम केला, शून्य ते दहामध्ये सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे काम होतच नव्हतं. सहावा प्रश्न घरच्या, रोजच्या कामांबद्दल. तिसरी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची, २००२ सालची. तिच्यात सहा विधानं आहेत. दुखणं असूनही अवघड काम पुरं करता आलं का, कामात मन लागलं का, उमेद टिकली का, अशा धर्तीची. गेल्या महिन्याचा विचार करून एक ते पाच गुण द्यायचे.

ही साधनं मी वस्तीत वापरून पाहिली तेव्हा घोटाळा झाला. "कामावर किती परिणाम झाला, शून्य ते दहात सांगा" म्हटल्यावर लातूरच्या मोंढ्यातले एक हमाल मामा म्हणाले, "परिणाम कसा होऊ देईन? पोतं उचललं नाही तर पैसे कोण देणार?" म्हणजे शून्य. आणि त्यांची कंबर एका बाजूला वाकलेली मला समोर दिसत होती.

चूक मामांची नव्हती. ही साधनं पगारी माणसांसाठी बनली. ऑफिसातला माणूस पाठ दुखत असताना खुर्चीत बसून राहिला तर काम कमी होतं, पगार तेवढाच मिळतो, तोटा कंपनीला. म्हणून कंपन्यांना हे मोजायची घाई झाली. आपल्याकडं उलटं आहे. मोंढ्यात पोत्यामागे पैसे, वीटभट्टीवर हजार विटांमागे पैसे, उसाच्या फडात टनामागे पैसे. काम कमी झालं तर मालकाचं काही जात नाही, तो दुसरा माणूस लावतो. तोटा सगळा मजुराच्या घरात. आणि झाडूवाल्या काकूंसारखं ठरलेलं क्षेत्र असेल तर काम कमी होतच नाही, फक्त वेळ वाढतो. गल्ली तेवढीच झाडायची असते. पूर्वी नऊला संपायची, आता साडेदहाला संपते.

सगळ्यांत मोठा घोटाळा ऊसतोडीत. दसरा-दिवाळीनंतर कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, जळकोटकडची किती घरं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात ते आपल्याला माहीत आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांची मजुरी एकत्र, टनावर. २०२४ च्या जानेवारीत संघटना आणि साखर संघाच्या करारात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा टनाचा दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला. आता समजा नवऱ्याची कंबर धरली. तो वाकून तोडतो खरा, पण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं त्याला जमत नाही. मग त्याच्या वाटणीच्या मोळ्या बायको वाहते. कधी शाळा सुटलेलं पोर मोळ्या बांधतं. संध्याकाळी काट्यावर टन तेवढेच भरतात. कागदावर नुकसान शून्य. खरं तर एका शरीराचं दुखणं दुसऱ्या शरीरावर चढलेलं असतं, आणि सहा महिन्यांनी गावी परत येताना दोघंही लंगडत येतात. एकट्या माणसाला प्रश्न विचारून हे सापडणार नाही, अख्ख्या घराला विचारावं लागेल.

फडात खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर उचलीतून दंड कापला जातो, तो कुठं पाचशे तर कुठं हजार, असं परत आलेल्या बाया सांगतात. या खाड्याच्या भीतीनं माणूस कुठवर जातो ते बीड जिल्ह्यानं दाखवलं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्याला एकच कारण नव्हतं. कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने होते, लहान वयातली लग्नं होती, फडावर संडास-पाणी नव्हतं. पण पाळीचे चार दिवस आणि अंगावरचं जाणं कामाच्या आड येऊ नये, खाडा पडू नये, हेही कारण त्या बायांनीच सांगितलं. बीड आपल्या शेजारचाच जिल्हा. पिशवी काढल्यावरही कंबरदुखी थांबत नाही, उलट अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. त्या बाया आजही माझ्याकडं येतात, कंबरेचीच तक्रार घेऊन.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

जीएनएमचा डिप्लोमा झाल्यावर मी बरीच वर्षं एका खाजगी दवाखान्यात नोकरी केली. शनिवारी आठवडी हिशोब व्हायचा आणि रविवारी सकाळी ओपीडीत कंबरेच्या सुईवाल्यांची रांग लागायची. हमाल, बांधकामवाले, धुणीभांडीवाल्या. "सिस्टर, सुई द्या, उद्या कामावर जायचंय." मी द्यायची. डॉक्टर लिहायचे, मी टोचायची, माणूस उठून चालायला लागायचा, आशीर्वाद देऊन जायचा. त्यात एक मामा होते. दर रविवारी यायचे, अधल्यामधल्या दिवसांत मेडिकलवरून त्याच गोळ्या घ्यायचे. दीड-दोन वर्षांनी त्यांच्या पायांवर सूज आली, लघवी कमी झाली. तपासलं तर किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं. बीपीही होतं, ते कुणी पाहिलंच नव्हतं. नुसत्या सुईनंच झालं असं मी म्हणणार नाही, पण त्या सुयांचा वाटा होता. आणि त्या माझ्या हातानं गेल्या होत्या. त्या दोन वर्षांत त्यांना एकदाही कुणी विचारलं नाही की मामा, रोज किती पोती उचलता? मीही नाही.

त्याच काळात माझी स्वतःची कंबर गेली. नाईट ड्यूटीत मोठ्या अंगाचे पेशंट एकटीनं कूस बदलायचे, स्ट्रेचरवर घ्यायचे. मणक्याची गादी सरकली होती, डाव्या पायात कळ जायची. आठ महिने मी कमरेला पट्टा बांधून ड्यूटी केली आणि पेशंटला विश्रांतीचं महत्त्व सांगितलं! माझ्या हजेरीत ते आठ महिने पूर्ण आहेत.

म्हणून औषधाचं आधी सांगते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखणं मारणाऱ्या गोळ्या चार-पाच दिवस, पोटात काही खाऊन, डॉक्टरच्या सांगण्यानं घेतल्या तर ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात अल्सर होतो, बीपी वाढतं, किडनीवर मार बसतो. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात, घाम गाळून, पाणी कमी पिऊन या गोळ्या घेणं जास्त धोक्याचं, कारण शरीरात पाणी कमी असतं तेव्हाच त्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. काही ठिकाणी कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या मिळतात, नाव नसतं, घेतल्या की दुसऱ्या दिवशी माणूस घोड्यासारखा पळतो. त्यात डेक्सासारखं स्टेरॉइड असू शकतं. त्यानं शुगर वाढते, तोंड सुजल्यासारखं गोल होतं, हाडं ठिसूळ होतात. फार दिवस घेतलं असेल तर एकदम बंदही करू नये, डॉक्टरला दाखवून हळूहळू कमी करावं लागतं. नाव नसलेली गोळी घेऊ नका.

तर मोजायचं कसं? परदेशी साधनं फेकून दिली नाहीत. त्यांचे तुकडे घेऊन आम्ही आपल्या कामाला बसणारी वही केली. दोनशे पानी वहीचं एक पान म्हणजे एका माणसाचा एक महिना. वर नॉर्डिकसारखं पाठमोऱ्या माणसाचं चित्र. दुखतं तिथं पेनानं ठिपका. खाली रोज एक खूण : गोल म्हणजे बरा दिवस, फुली म्हणजे दुखत असताना केलेलं काम, रिकामी चौकट म्हणजे खाडा. बायांना ही खूण फार लवकर जमली. रात्री भाकरी झाल्यावर एक फुली मारायला काय लागतं?

फुलीच्या दिवशी आणखी तीन गोष्टी. किती काम झालं : पोती, विटा, टन, नाहीतर किती वाजता सुटलात. माझं काम दुसऱ्या कुणी केलं का, कुणी केलं. आणि औषधाला किती गेले.

हिशोब कसा निघतो ते एका समजुतीच्या उदाहरणानं पाहू. समजा एक हमाल मामा आहेत. महिन्यात कामाचे २६ दिवस. बऱ्या दिवशी ते १०० पोती वाहतात, दुखऱ्या दिवशी ७०. महिन्यात २ खाडे झाले, १० दिवस फुलीचे, १४ दिवस गोल. खाड्यानं बुडाली २०० पोती. फुलीच्या दिवसांनी बुडाली १० गुणिले ३०, म्हणजे ३०० पोती. हजेरी लिहिणाऱ्याला फक्त दोन खाडे दिसतात. पण अंगावर काढण्यानं गेलेली मजुरी खाड्यापेक्षा दीडपट निघाली. पोत्याला ५ रुपये धरले तर खाड्याचे हजार आणि फुलीचे दीड हजार, मिळून अडीच हजार. त्यात सहा सुयांचे सहाशे घाला. म्हणजे ज्या घरात १३ हजार यायला हवे होते तिथं ९,९०० आले, आणि घर म्हणतंय "खर्च कसा वाढला कळत नाही".

आता याच मामांनी पहिल्या दुखऱ्या आठवड्यात चार दिवस हलकं काम घेतलं असतं आणि पुढची फुली टळली असती तर? दर वेळी तसंच होईल असं नाही. पण वही असेल तर निदान ताडून पाहता येतं. खाडा महाग की फुली महाग, हा हिशोब आपल्या लोकांनी कधी मांडलाच नाही, कारण खाडा डोळ्यांना दिसतो.

झाडूवाल्या काकूंचं पान वेगळं निघालं. त्यांची मजुरी एक रुपयाही कमी झाली नव्हती. पण "माझं काम कुणी केलं" या रकान्यात रोज एकच नाव. नववीतली नात. पाणी भरणं, भाकरी, धुणं. खांदा काकूंचा, आणि सकाळची शाळा नातीची गेली. डब्ल्यूपीएआयचा सहावा प्रश्न, घरकामाचा, मला आधी फालतू वाटला होता. आता वाटतं आपल्या बायांसाठी तोच पहिला असावा. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते देशभर गाजलं. पण टँकरपासून घरापर्यंत त्या पाण्याचे हंडे ज्या मानांनी वाहिले त्या मानांना कुठल्या हजेरीत जागा आहे?

डॉक्टरकडं जाताना हे पान सोबत न्या. सरकारी दवाखान्यात गर्दीत डॉक्टरला दोन मिनिटं मिळतात. "लई दिवसांपासून लई दुखतंय" यापेक्षा "महिन्यात दहा फुल्या, त्यातल्या सात पोती जास्त असलेल्या दिवसांच्या दुसऱ्या दिवशी" हे त्याला जास्त सांगतं. पण काही खुणा अशा आहेत की तिथं वहीची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. कंबरदुखीसोबत लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, जांघेत बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली. अंगात बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेत जास्त दुखणं असेल तर त्याच आठवड्यात दाखवा, मणक्याचा टीबी असू शकतो आणि तो औषधानं बरा होतो. पडल्यावर, मार लागल्यावर सुरू झालेली जोराची कंबरदुखी असेल तर फोटो काढून घ्या. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडं हाडांचा विभाग आहे.

या खुणा नसतील तर साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. पडून राहू नका. पूर्वी आम्हीच पेशंटला आठ-आठ दिवस झोपून राहायला सांगायचो, ते चुकीचं निघालं. सोसेल तेवढं हिंडत-फिरत राहायचं, जड तेवढं टाळायचं, आणि कमी झाल्यावर रोज थोडा पाठीचा-पोटाचा व्यायाम. पुन्हा उलटू नये यासाठी व्यायामाचाच उपयोग सर्वांत चांगला दिसून आला आहे.

'वाकताना गुडघ्यात वाका, कंबरेत नको' हा सल्ला मीही शेकडो वेळा दिला आहे. पण नुसतं कसं उचलायचं ते शिकवून कामगारांची कंबरदुखी टळते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. शिकवणी स्वस्त पडते म्हणून मालक ती आनंदानं ठेवतो. फरक पडतो तो वजन कमी केल्यानं, हातगाडी दिल्यानं, दोन माणसं लावल्यानं, झाडूला उंचीप्रमाणे लांब दांडा बसवल्यानं, अधेमधे बसायला मिळाल्यानं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन चाललेले हमाल आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केली होती की एका प्रौढ पुरुषानं ५५ किलोच्या वर वाहू नये, जिथं जास्त आहे तिथं ते लवकर खाली आणावं. आज धान्याचं, साखरेचं पोतं ५० किलोवर आलं, ते हमालाला कुणी छान वाकायला शिकवलं म्हणून नाही.

मजुरानं आजारपणात घरी बसावं आणि चूल तरी पेटावी, ही कल्पना आपल्याला नवी नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून पुढं १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. या योजनेत आजारपणाच्या रजेत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मजुराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. पगाराची मर्यादा महिना २१ हजार. ठेकेदाराकडे दहा किंवा जास्त माणसं असतील तर ठेक्यावरच्या माणसालाही हे लागू आहे. आपल्या वस्तीतल्या किती ठेकेदारी कामगारांनी आपला विमा नंबर पाहिला आहे? पगाराच्या पावतीवर ईएसआय कापलेला दिसतो, कार्ड मात्र हातात नाही, असं दोघांनी मला दाखवलं. कार्ड मागा. कापलेला पैसा तुमचा आहे. हमालांसाठी १९६९ चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा आहे. त्यात मंडळाकडे नोंद झालेल्या कामगारांना मजुरी आणि इतर लाभ मंडळामार्फत मिळतात. नोंद नसेल तर हमाल कायद्याच्या बाहेरच राहतो, म्हणून आधी नोंद.

ऊसतोडीतल्या कोयत्याला मात्र यातलं काही थेट लागत नाही. तिथं आजारपणाच्या दिवसाला पैसा मिळणं दूरच, दंड आहे. निदान दुखण्याच्या दिवसाचा दंड नको, एवढी मागणी तरी मुकादमाशी उचल ठरवतानाच बोलून घ्यायला हवी, दोन साक्षीदार ठेवून. जाण्याआधीच बोला. फडावर गेल्यावर बोलायची ताकद राहत नाही.

वही सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक काकू वही परत द्यायला आल्या. "जयभीम ताई. ही तुमच्याजवळच ठेवा. मुकादमाच्या हाती लागली तर म्हणंल ही बाई दुखरी आहे, हिला कामावर घेऊ नका." मला त्याचा विचारच आला नव्हता. कंपन्या दुखणं मोजतात ते माणसाला बरं करायला की काढून टाकायला, हा प्रश्न जगभरच्या कामगारांना पडतो, तो काकूंनी एका वाक्यात माझ्यापुढं ठेवला. त्या दिवसापासून वहीत नाव लिहिणं बंद केलं. प्रत्येकाला एक खूण दिली, कुणाला बोरीचं पान, कुणाला चाक, कुणाला घागर, आणि कुठली खूण कुणाची हे ज्याचं त्यालाच माहीत. गल्लीचा एकूण आकडा तेवढा बाहेर सांगायचा, एकट्या माणसाचं पान त्यानं स्वतः दाखवलं तरच डॉक्टरला. मालकाला, ठेकेदाराला, मुकादमाला नाही. वह्या विहारातल्या कपाटात असतात आणि किल्ली महिला मंडळाकडे.

काकूंनी वही परत नेली. त्यांची खूण घागर आहे.